डोंगर न कापता घर

गेल्या चतुर्थीला आम्ही सगळे भाऊबंद मूळ घरी जमलो होतो. माटोळीखाली आरत्या झाल्या, जेवणे झाली, आणि दुपारी जगलीवर पानसुपारी घेऊन बसल्यावर नेहमीप्रमाणे जमिनीचा विषय निघाला. घरामागच्या डोंगराचा एक तुकडा वाटणीत माझ्या आणि चुलतभावाच्या वाट्याला आलेला आहे. तो माझ्याहून मोठा, मी त्याला दादाच म्हणतो. दोघांनाही आता पणजीच्या भाड्याच्या खोल्यांचा कंटाळा आलाय आणि निवृत्तीनंतर गावातच राहायचे आहे. तेव्हा तिथे दोन बिऱ्हाडांचे एक घर बांधावे असे ठरत होते.

दादाने हात आडवा फिरवून सांगितले, "जेसीबी हाडूंया. दोन दिसांत सगळें सपाट."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. कोपऱ्यात वाती वळत बसलेली काकी मात्र मान वर न करता एवढेच म्हणाली, "आनी झर?"

त्या डोंगराच्या पायथ्याशी आमची झर आहे. मे महिन्यातही ती करंगळीएवढी वाहते. तिचे पाणी पाटाने कुळागरात जाते, आणि कुळागरावरच काकीचे घर अजून चालते. डोंगर वर कापला तर खालच्या पाण्याचे काय होणार, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही. विषय तिथेच थांबला. माझ्या डोक्यातून मात्र काकीचे दोन शब्द जाईनात.

मी सरकारी कचेरीतला कारकून. शिक्षण कला शाखेचे, तेही इतिहास घेऊन. घरबांधणीचे शास्त्र मला येत नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक खोड असते. कोणताही प्रश्न पडला की तो आधी विचारतो, हे आपल्या आधी कोणी केले आहे का, आणि कसे केले? त्या खोडीतून गेले वर्षभर जे वाचले, पाहिले, विचारले ते वाचकांपुढे मांडतो.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. गोव्यातले कोणतेही जुने गाव डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. त्याखाली डोंगराचा उतार. तिथे रान, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आलेला काजू. उतार जिथे सौम्य होतो तिथे वाडे, देऊळ, तळी. त्याखाली कुळागर नाहीतर माडांची भाटे, मग शेते, खाजने आणि शेवटी नदी. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, साष्टीतले देव जेव्हा अंत्रुज महालात हलवावे लागले, तेव्हा त्यांनाही जागा मिळाली ती अशाच डोंगरांच्या कुशीत आणि पाण्याच्या जवळ. सड्यावर कोणी घर बांधत नसे, आणि नांगरटीच्या जमिनीतही बांधत नसे. घराची जागा या दोहोंच्या मध्ये.

यामागे पाण्याचा हिशेब आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभा दगड सच्छिद्र. सड्यावर पडलेले पाणी तो पिऊन घेतो. त्याच्या पोटाखाली मात्र चिकट मातीचा थर असतो आणि त्यातून पाणी सहज उतरत नाही. मग ते त्या थरावरून सरकत सरकत डोंगराच्या कडेला, जिथे वाट मिळेल तिथे, बाहेर पडते. तीच झर. म्हणजे झर पायथ्याशी दिसत असली तरी ती भरते वर, आणि तिची वाट डोंगराच्या पोटातून असते. उतार मधेच उभा कापला तर ती वाट उघडी पडते. पाणी भलतीकडे फुटते, आणि ज्या मातीला पुढून आधार होता तिचा आधार जातो. काकीच्या दोन शब्दांत हे सगळे होते.

या दगडाचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या फ्रान्सिस बुकॅनन याने केरळातल्या अंगाडीपुरम येथे पाहिलेल्या या दगडाला १८०७ साली 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. लोक हा दगड विटांसारखा कापून घरे बांधतात, हे पाहून सुचलेले नाव. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कापता येतो, आणि वाऱ्यापावसात राहून घट्ट होतो. आपले चिरे ते हेच. हरवळेची कोरीव लेणी याच दगडातली. म्हणजे डोंगरात सामावणारी वास्तू आपल्याकडे काही आजची नाही.

आमचे मूळ घरही चिऱ्यांचेच. जगलीवरून सोप्यावर जायला एक पायरी. सोप्यावरून राजांगणाभोवतीच्या ओसरीवर आणखी दोन. तिथून मागच्या खोल्यांना चार, आणि स्वयंपाकघर सगळ्यात वर. लहानपणी मी त्या चार पायऱ्यांवर दोनदा पडलो आहे. तेव्हा मला वाटे, बांधणाऱ्याला सरळ जोते घालता आले नाही. आता कळते की पणजोबांनी डोंगर सपाट केलाच नव्हता. डोंगर जसजसा चढला तसतशा खोल्या चढल्या. मागच्या भिंतीमागे एक चर आहे. डोंगरावरून येणारे पाणी त्या चरातून घराला वळसा घालून पाटाला मिळते. दरवर्षी मिरगाआधी तो चर उपसायचा, हा घरातल्या पुरुषांचा नेम होता. तो नेम मोडला तेव्हाच स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल धरली.

पण आपण काही पणजोबांसारखे घर बांधणार नाही. आपल्याला स्लॅब हवा, न्हाणीघरात टाइल हवी, गाडीला जागा हवी. तेव्हा प्रश्न असा की आधुनिक घर डोंगरात सामावू शकते का? जगात या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर अमेरिकेत सापडते.

फ्रँक लॉइड राइट हा अमेरिकन वास्तुरचनाकार. जन्म १८६७ चा. त्याने १९११ साली विस्कॉन्सिनमध्ये, आजोळच्या खोऱ्यातल्या एका टेकडीवर स्वतःचे घर बांधायला घेतले. त्याचे नाव 'टॅलिएसिन'. वेल्श भाषेतल्या या नावाचा अर्थ 'चमकते कपाळ'. घर टेकडीच्या डोक्यावर न बांधता कपाळावर, म्हणजे माथ्याच्या थोडे खाली बांधले. माथ्यावर घर बांधले की टेकडी हरवते, असे त्याचे म्हणणे. आपल्या सड्यावर घर न बांधणाऱ्या पूर्वजांना हे ऐकून नवल वाटले नसते.

पुढे १९३५ साली पिट्सबर्गमधील एका मोठ्या दुकानाचे मालक एडगर कॉफमन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रानात, बेअर रन नावाच्या ओढ्याकाठी सुटीतले घर बांधायचे काम राइटला दिले. कॉफमन कुटुंबाला तिथला धबधबा फार आवडे. घरातून तो समोर दिसेल अशी त्यांची अपेक्षा. राइटने घर बांधले ते धबधब्याच्याच माथ्यावर. हेच ते 'फॉलिंगवॉटर'. भिंतींचा दगड तिथलाच, आडव्या थरांत रचलेला. काँक्रीटचे सज्जे एकाच बाजूच्या आधारावर ओढ्यावर झेपावलेले. ज्या खडकावर कॉफमन मंडळी ऊन खात बसत तो फोडला नाही. दिवाणखान्याच्या जमिनीतून वर येऊन तो चुलीचा उंबरा झाला आहे. दिवाणखान्यातून एक जिना थेट ओढ्यात उतरतो. २०१९ साली युनेस्कोने राइटच्या आठ वास्तू जागतिक वारसा म्हणून नोंदल्या. त्यांत टॅलिएसिन आणि फॉलिंगवॉटर दोन्ही आहेत.

छायाचित्रे पाहून मी थक्क झालो होतो. पण पुढचा इतिहासही वाचायला हवा. ते अधांतरी सज्जे पहिल्यापासूनच वाकू लागले. मुख्य सज्जा कालांतराने सुमारे सात इंच खाली आला. शेवटी २००२ साली पोलादी तारा ओढून त्याला ताण द्यावा लागला. छपरातून गळती होतीच, ओलही कायमची. दीड लाख डॉलरहून अधिक खर्च करून, मंदीच्या काळात, एका धनिकाने हे घर बांधले. त्याच्या देखभालीला आज एक संस्था आहे. आमच्या देखभालीला भविष्यनिर्वाह निधी!

मला वाटते, फॉलिंगवॉटर डोळ्यांना डोंगराशी एकरूप दिसते. पाण्याशी मात्र त्याची कायम झटापट चालू आहे. जिथे चार महिने आकाश फाटते तिथे 'सामावणे' या शब्दाचा अर्थ आधी पाण्याला विचारावा लागतो. दिसण्याचे त्यानंतर.

दुसरे उत्तर मला मिळाले ते आपल्या अधिक जवळ, केरळात. आणि मिळाले तेही योगायोगाने. २०१८ साली माझ्या पुतणीला तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेत अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. तिला पोचवायला मी कोकण रेल्वेने गेलो. संस्थेच्या फाटकातून आत शिरलो तर इमारती दिसेनात. झाडे दिसली, वळत वळत चढणारी वाट दिसली, आणि मग झाडांमधून विटांच्या उघड्या, गिलावा न केलेल्या भिंती दिसू लागल्या. भिंती झाडांना वळसा घालून गेलेल्या. कुठे चार पायऱ्या वर, कुठे सहा खाली. विटा सोडून सोडून केलेल्या जाळीतून वारा येत होता. मला एकदम आमच्या मूळ घरातल्या पायऱ्या आठवल्या. पुतणीला म्हटले, "इथं पडू नको हं, मी पडलोय." तिला काही कळले नाही.

ही वास्तू लॉरी बेकर यांची. जन्म १९१७, बर्मिंगहॅम. क्वेकर पंथाचा हा तरुण दुसऱ्या महायुद्धात शुश्रूषा पथकातून चीनमध्ये गेला. परतीच्या जहाजाची वाट पाहत मुंबईत अडकला आणि तिथे त्याची गांधीजींशी भेट झाली. घराला लागणारे सामान घराभोवतीच्या पाच मैलांत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार त्याने आयुष्यभर जपला. १९४५ साली तो कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनमार्फत भारतात आला. १९४८ साली डॉ. एलिझाबेथ जेकब या केरळी डॉक्टरशी लग्न झाले आणि हे जोडपे हिमालयातल्या पिठोरागडला गेले ते सोळा वर्षे तिथेच राहिले. डोंगराच्या उतारावर, स्थानिक दगड, माती आणि लाकूड घेऊन त्यांनी आपले घर, दवाखाना, शाळा बांधल्या. बर्मिंगहॅममध्ये शिकलेले तिथे फारसे उपयोगी नव्हते. बेकर शिकले ते पहाडी गवंड्यांकडून.

१९६३ नंतर ते केरळात आले, आधी वागमणच्या डोंगरात आणि मग तिरुवनंतपुरमला. तिथल्या नालंचिरा भागात खडकाळ, चढाचा एक तुकडा त्यांना मिळाला. घर बांधायला कोणी सहसा घेणार नाही असा. तिथे आधी एक लहानशी लाकडी खोली उभी राहिली. मग वर्षानुवर्षे, जसजशी गरज पडली तसतशी, एकेक खोली उताराच्या कलाने जोडत गेले. मोडलेल्या जुन्या घरांची दारे, खांब, लाकूड त्यात वापरले. झाडे राखली, खडक राखले. या घराचे नाव 'हॅम्लेट', म्हणजे वाडी. १९८९ साली बेकर यांना भारताचे नागरिकत्व मिळाले, १९९० साली पद्मश्री. २००७ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते वारले.

बेकर यांनी साध्या माणसांसाठी स्वहस्ते चित्रे काढून छोट्या पुस्तिका लिहिल्या. त्यांतल्या एकीत उतारावरच्या घराविषयी जे आहे ते कोणत्याही कारकुनाला समजेल असे आहे. घराची लांब बाजू उताराला आडवी ठेवा, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेवर. घर उताराच्या दिशेने लांब केले की मागे खणावे लागते आणि पुढे भर घालावी लागते. आडवे ठेवले की दोन्ही कमी. खर्चही कमी, डोंगराला इजाही कमी. त्यांच्या बाकीच्या युक्त्याही अशाच काटकसरीच्या. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी सोडायची. त्यात सुमारे चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीमुळे घर थंड राहते. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट नुसते वजन वाढवते, म्हणून तिथे मंगळुरी कौले घालायची. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढल्यापासून ही कौले आपल्या किनाऱ्यावर आली. त्या कौलांना बेकरांनी स्लॅबच्या पोटात पुन्हा जागा दिली.

वर्षभराच्या वाचनातून माझ्या हाती हे लागले. राइट आणि बेकर दोघांनीही डोंगराला मान दिला. पण बेकरांचा मान अशा माणसाचा, ज्याला पावसाळ्यात त्याच घरात राहायचे आहे आणि पैसे मोजून खर्च करायचे आहेत. आपली घरे त्या वाटेची.

यात धोका किती खरा आहे हे सांगायला फार लांब जायला नको. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि १५१ माणसे गेली. तिथला पाऊस वेगळा, खडक वेगळा. पण पाणी मुरलेला उतार कसा वागतो हे त्याने दाखवले. आपल्या गोव्यातही नगरनियोजन कायद्यात १९९७ साली १७-अ हे कलम आले. लेखी पूर्वपरवानगीवाचून डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला त्याने मनाई केली. २००६-०७ च्या प्रादेशिक आराखड्याविरुद्धच्या आंदोलनात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हाही डोंगर आणि शेते हाच विषय होता, आणि सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. हे सगळे मला ठाऊक होते. तरी चतुर्थीच्या दुपारी मीही मान डोलावली होती. फायलीतले कलम आणि आपल्या घराचा नकाशा यांची गाठ आपल्या मनात सहसा पडत नाही, हे कबूल केले पाहिजे.

दिवाळीनंतर मी दादाला घेऊन जागेवर गेलो. गवंड्याकडची पाण्याची नळी आणि दोन बांबू घेतले. चोवीस मीटर लांबीत जमीन पाच मीटर चढते, असे निघाले. दादाच्या मनातले पंधरा मीटर खोलीचे सपाट मैदान करायचे तर मागे तीन मीटरहून उंच उभी कड तयार होणार होती. तिला धरायला भिंत बांधायची, भिंतीमागचे पाणी बाहेर पडायला भोके ठेवायची, आणि दर पावसात रात्री उठून ती भिंत बघायची. त्याउलट आठ मीटर खोलीचे आणि उताराला आडवे पसरलेले घर घेतले तर चढ फक्त पावणेदोन मीटरच्या आसपास. पुढे चिऱ्यांचे उंच जोते, मागच्या खोल्या सहा पायऱ्या वर. मागे चर, जसा मूळ घराला आहे.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि गाडी?"

गाडी वर येणार नाही. ती खाली रस्त्याकडेला राहील आणि तिथून घरापर्यंत चौदा पायऱ्या. या गोष्टीवरून आमच्यात दोन महिने अबोला नाही, पण अवघडलेपण होते. त्याचे म्हणणे चूक नव्हते. काकी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात. तिला उद्या आमच्याकडे आणायची तर चौदा पायऱ्या कोण चढवणार? एक खोलीही कमी झाली होती. डोंगर राखायचा तर आपले काहीतरी सोडावे लागते, हे पुस्तिकेत वाचताना सोपे वाटते. आपल्याच आईच्या गुडघ्यांपाशी आले की अवघड होते.

यावर तोड शेवटी दादानेच काढली. त्याने पाठकोऱ्या कागदावर जागेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरपी जाणारी, हळूहळू चढणारी पंचवीस-तीस पावलांची पायवाट काढली. दोन काजू आणि एक आंबा तिच्या आड येत होते. त्यांना वळसा दिला. मी त्याला बेकरांविषयी एक अक्षर सांगितले नव्हते.

घर अजून बांधलेले नाही. आधी एक पावसाळा जागा नुसती पाहायची, असे आम्ही ठरवले. यंदाच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस लागला तेव्हा आम्ही दोघे छत्र्या घेऊन वर गेलो. पाणी जिथून जिथून वाहत होते तिथे दादाने काठ्या रोवल्या. एक काठी नेमकी माझ्या नकाशातल्या देवखोलीत आली. तेव्हा देवखोली आता दोन मीटर सरकणार.

खाली उतरलो तर काकी झरीवर कळशी लावून उभी होती. पाणी गढूळ नव्हते. तिने आमच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिले आणि म्हणाली, "पाय धुवून आत या रे. चहा ठेवते."